लग्नाच्या दारावर पहारा कोणाचा?

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिला. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून दाखल झालेल्या याचिकाही ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. इंग्रजी वृत्तपत्रांनी या विषयावर रकानेच्या रकाने भरले. आपल्या चळवळीत मात्र त्याची चर्चा जवळजवळ झालीच नाही. जिथे विषय निघाला तिथे दोनच प्रतिक्रिया आमच्या कानावर आल्या. एक अशी की, हे शहरातल्या श्रीमंत, उच्चवर्णीय पोरांचे चोचले आहेत. दुसरी अशी की, आरक्षणाला सुरुंग लावला जात आहे, शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत, गावोगाव अत्याचार होत आहेत, अशा वेळी हा प्रश्न आपला कसा?

आम्ही वकिलीही करतो आणि चळवळीतही काम करतो. दुसऱ्या प्रतिक्रियेतली तळमळ आम्हाला समजते. तरीही आमचे स्पष्ट मत आहे की, हा प्रश्न आपला आहे. तो आपला का आहे हे सांगण्यासाठी दया, उदारपणा, पुरोगामीपणा असल्या शब्दांचा आधार घेण्याची गरज नाही. बाबासाहेबांनी जातीची जी चिकित्सा केली, तिच्यातूनच हे उत्तर निघते.

९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात २५ वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचा प्राण कशात आहे, हा त्यांचा प्रश्न होता. विटाळात नाही, धंद्यात नाही, रोटीबंदीतही नाही, तर बेटीबंदीत आहे, असे त्यांनी दाखवून दिले. जातीतल्या जातीत लग्न हा नियम टिकवायचा तर स्त्री-पुरुषांच्या संख्येचा तोल सांभाळावा लागतो. त्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा उभ्या राहिल्या, असे त्यांनी मांडले. म्हणजे माणसाच्या शरीरावर, प्रेमावर आणि सहजीवनावर समूहाने पहारा बसवला, तेव्हा जात जन्माला आली. पुढे १९३६ साली जातिनिर्मूलनावरील न झालेल्या भाषणात त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असल्याचे सांगितले. हे भाषण जातपात तोडक मंडळाला पेलले नाही, हा इतिहास आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

तेव्हा कोणी कोणाशी लग्न करावे हे कोण ठरवणार, हा प्रश्न आंबेडकरवादाच्या कडेला पडलेला प्रश्न नव्हे. तो त्याच्या केंद्रस्थानी आहे. व्यक्ती ठरवणार, की जात, गाव, भावकी, धर्म आणि त्यांच्या वतीने सरकार ठरवणार? समलिंगी जोडप्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेमका हाच प्रश्न विचारला होता.

या देशात राज्यसंस्थेने लग्नावर कसे निर्बंध घातले, याचा इतिहास थोडक्यात पाहू. इंग्रजांच्या काळात न्यायालये हिंदूंना धर्मशास्त्राप्रमाणे न्याय देत. त्यामुळे मनूचा अनुलोम आणि प्रतिलोम विवाहाचा भेद थेट न्यायालयात येऊन बसला. १९१२ साली मुंबई उच्च न्यायालयाने ब्राह्मण स्त्री आणि शूद्र पुरुष यांचा विवाह अवैध ठरवला. १९२२ साली त्याच न्यायालयाने वैश्य पुरुष आणि शूद्र स्त्री यांचा विवाह मात्र वैध मानला. वरच्या वर्णाच्या पुरुषाने खालच्या वर्णाची स्त्री केली तर चालेल, उलटे झाले तर लग्नच नाही! काळा डगला घातलेली ही मनुस्मृतीच होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, तो न्यायालयाच्या कपाटात मात्र शाबूत होता.

ज्यांना धर्मशास्त्राबाहेर लग्न करायचे होते त्यांच्यासाठी १८७२ चा विशेष विवाह कायदा होता. पण त्याची अट काय होती? आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, ज्यू, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणताही धर्म मानत नाही, असे वधू-वरांनी जाहीर करायचे. प्रेम करायचे असेल तर आधी धर्मावर पाणी सोडा, असा हा व्यवहार होता. १९२३ साली हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने दुरुस्ती झाली. हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपसात धर्म न नाकारता लग्न करता येऊ लागले. परंतु असे लग्न करणारा हिंदू एकत्र कुटुंबातून कायद्याने वेगळा झाला. संस्थानी मुलखात छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली, ती या पार्श्वभूमीवर किती मोठी गोष्ट होती हे ध्यानात येईल.

केवळ जात वेगळी आहे म्हणून हिंदूंमधला विवाह अवैध ठरणार नाही, असे संपूर्ण देशासाठी कायद्याने सांगितले गेले ते १९४९ साली, हिंदू विवाह वैधता कायद्याने. बाबासाहेब आणि डॉ. शारदा कबीर, म्हणजेच माईसाहेब, यांचा विवाह १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने झाला. त्या दोघांनी हिंदू विधीने लग्न केले असते तर जुन्या निवाड्यांच्या कसोटीवर तो प्रतिलोम विवाह ठरून त्याच्या वैधतेवर शंका घेता आली असती. संविधानाचा मसुदा लिहिणाऱ्या माणसाचे लग्न वैध की अवैध, हे मनूच्या श्लोकावरून ठरवण्याची सोय या देशाच्या कायद्यात तेव्हा शिल्लक होती!

आणखी एक योगायोग पाहा. भारतात हा कायदा झाला त्याच १९४९ साली दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारने गोरे आणि इतर यांच्या विवाहावर बंदी घालणारा कायदा केला. तो १९८५ साली रद्द झाला. अमेरिकेत १९६७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोरे-काळे विवाहबंदी घटनाबाह्य ठरवली, तेव्हाही १६ राज्यांत ती कायद्याच्या पुस्तकात होती. आणि २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाचा हक्क मान्य केला, तेव्हा १९६७ च्या त्या निवाड्याचाच आधार घेतला. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने २००५ साली तसाच निर्णय दिला आणि २००६ साली तिथे कायदा झाला. वंशभेदाशी लढलेल्यांना या दोन प्रश्नांमधले नाते ओळखायला वेळ लागला नाही. जातिभेदाशी लढणाऱ्यांनी ते का ओळखू नये?

आता आपल्या न्यायालयांकडे वळू. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ ही १८६० ची देणगी. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ते सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्दबातल केले. त्या निकालात न्यायालयाने बाबासाहेबांच्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणातील संवैधानिक नीतिमत्तेचा विचार आधाराला घेतला. सार्वजनिक नीतिमत्ता म्हणजे बहुसंख्याकांची आवडनिवड. तिच्यावर अंकुश संवैधानिक नीतिमत्तेचा, हे तत्त्व तिथे मांडले गेले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. फिरवताना जी कारणे दिली त्यात एक असे होते की, हे लोक संख्येने अत्यल्प आहेत. आमच्या मते प्रत्येक आंबेडकरी माणसाने तेव्हाच सावध व्हायला हवे होते. हक्क डोकी मोजून द्यायचे ठरले तर अस्पृश्यांना, आदिवासींना, बौद्धांना या देशात काय मिळाले असते? मूलभूत हक्क बहुमताच्या मर्जीवर राहू नयेत म्हणून तर ते संविधानाच्या तिसऱ्या भागात लिहिले गेले. ६ सप्टेंबर २०१८ रोजी ती चूक दुरुस्त झाली आणि पुन्हा एकदा संवैधानिक नीतिमत्तेच्या आधारावर झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही.

गुन्हेगारीचा शिक्का पुसला गेला. पण सहजीवनाला कायद्याने नाव मिळाले नाही. तो लढा म्हणजे २०२३ चा खटला. एप्रिल-मे महिन्यांत दहा दिवस सुनावणी झाली. निकालात काय म्हटले आहे हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहेत. समलिंगी जोडप्यांना विवाहाचा मूलभूत हक्क संविधानात नाही, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात न्यायालय स्वतःहून नवे शब्द घालू शकत नाही, या दोन मुद्द्यांवर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते. तृतीयपंथी व्यक्ती स्त्री-पुरुष नात्यात असेल तर तिला चालू कायद्यांखाली लग्न करता येते, यावरही एकमत होते. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ मध्येच वधू या शब्दात पारलिंगी स्त्रीचा समावेश होतो असे सांगितले होते. मतभेद झाला तो पुढे. सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल यांच्या मते अशा जोडप्यांना एकत्र येण्याचा हक्क आहे, त्याला मान्यता देणे राज्याचे कर्तव्य आहे आणि त्यांना संयुक्तपणे मूल दत्तक घेता आले पाहिजे. न्यायमूर्ती भट, कोहली आणि नरसिंह यांनी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने हे नाकारले. एकत्र राहायला कोणी अडवणार नाही, पण त्या राहण्याला कायदेशीर दर्जा द्या असे राज्याला सांगता येणार नाही, असा बहुमताचा सूर आहे. शेवटी केंद्र सरकारच्या मंत्रिमंडळ सचिवांची समिती नेमून अडचणी पाहाव्यात, एवढ्यावर प्रकरण थांबले.

न्यायालयाचा आदर राखूनही निकालाची चिकित्सा करण्याचा हक्क नागरिकाला आहे. बहुमताचा मुख्य आधार असा की, विवाहसंस्था राज्याच्या आधीपासून समाजात आहे. ती समाजाने घडवली आहे. आम्ही विचारतो, जातही राज्याच्या आधीपासून आहे ना? तीही समाजानेच घडवली ना? अस्पृश्यता ही सामाजिक संस्था आहे म्हणून राज्याने हात बांधून बसायचे, असे संविधानाने म्हटले नाही. त्याने कलम १७ लिहिले. विवाह समाजाने घडवला हे खरे, पण आज वारसा, निवृत्तिवेतन, दत्तक, करसवलत, नातलगाचा दर्जा हे सारे त्याला राज्याने चिकटवले आहे. एकदा राज्याने आपला खजिना आणि आपला शिक्का एका नात्याच्या पाठीशी उभा केला की, दुसऱ्या नात्याला तो का नाही, याचे उत्तर कलम १४ आणि १५ खाली द्यावेच लागते.

दुसरा आधार असा की, हे काम संसदेचे आहे. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. विशेष विवाह कायद्याचे धागे वारसा कायद्यांपर्यंत गेलेले आहेत. पत्नीच्या संरक्षणाच्या तरतुदी त्यात आहेत. दोन शब्द बदलून सगळे जुळेल असे नाही. पण संसदेने काय केले? एप्रिल २०२२ मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. त्यातून कायदा झाला नाही. सरकारने तर न्यायालयात याला शहरी उच्चभ्रूंचा विचार म्हटले. हिंदू कोड बिल रखडवणाऱ्यांनीही ते मूठभर सुशिक्षितांचे खूळ आहे असेच म्हटले होते. त्या बिलाची वाताहत हे बाबासाहेबांनी १९५१ साली दिलेल्या राजीनाम्याचे एक मुख्य कारण होते. सरकारी पक्षाचा हा युक्तिवाद आपल्या लोकांच्या तोंडी ऐकू येतो तेव्हा आम्हाला आश्चर्य वाटते आणि दुःखही होते.

हे खरोखर उच्चभ्रूंचे चोचले आहेत काय? १९८७ साली भोपाळमध्ये एकमेकींशी लग्न केले त्या दोघी मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातल्या साध्या शिपाई होत्या. त्यांची नोकरी गेली. तृतीयपंथीयांमध्ये दलित, आदिवासी, भटके यांची संख्या डोळ्यांना दिसते. तामिळनाडूतील दलित पारलिंगी कार्यकर्त्या ग्रेस बानू त्यांच्यासाठी समांतर आरक्षणाची मागणी सातत्याने करत आहेत. आणि वकील म्हणून आम्ही एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो लग्नाशिवायही जोडीदाराची सोय करू शकतो. तो मृत्युपत्र करतो, बक्षीसपत्र करतो, न्यास स्थापन करतो, संयुक्त नावाने सदनिका घेतो. सफाई कामगाराकडे काय असते? भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, कुटुंब निवृत्तिवेतन आणि अनुकंपा तत्त्वावरची नोकरी. हे सगळे कायद्यातल्या पती, पत्नी, कुटुंब या शब्दांच्या व्याख्येवर टांगलेले असते. कुटुंब असताना कुटुंबाबाहेरच्या माणसाचे नाव नामनिर्देशनात चालत नाही. वीस वर्षे एकत्र संसार केलेली बाई गटारात उतरून मेलेल्या आपल्या सोबत्याची कायद्याने कोणी नसते, आणि घराबाहेर काढणारा भाऊ वारस ठरतो. तेव्हा विवाहाची मान्यता श्रीमंतांपेक्षा गरिबांना अधिक लागते. कायद्याचा शब्द ही गरिबाची इस्टेट असते.

मंत्रिमंडळ सचिवांच्या समितीनंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारने काही पत्रके काढली. अशा जोडप्यांना शिधापत्रिकेसाठी एकाच घरातले मानावे. संयुक्त बँक खाते आणि नामनिर्देशन यांना अडथळा नाही. जवळचे नातलग नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेहाचा ताबा मागता यावा. हे स्वागतार्ह आहे. पण पत्रक म्हणजे कायदा नव्हे. आज काढलेले पत्रक उद्या मागे घेता येते. सवलत आणि हक्क यांतला फरक आपल्याइतका कोणाला कळतो? चवदार तळ्यावर आपण पाण्याची सवलत मागायला गेलो नव्हतो.

याच खटल्यात आणखी एक प्रश्न होता, आणि तो तर सरळ आपल्या घरातला आहे. विशेष विवाह कायद्याचे कलम ५ म्हणते, लग्नाची नोटीस द्या. कलम ६ म्हणते, ती नोंदवहीत ठेवा, कोणीही पाहू शकेल, आणि कार्यालयात ठळक जागी लावा. कलम ७ म्हणते, तीस दिवसांत कोणीही आक्षेप घ्यावा. हिंदू विवाह कायद्याखाली जातीतल्या जातीत लग्न करणाऱ्याला अशी नोटीस लागत नाही. मांडव घाला, अक्षता टाका, लग्न वैध. म्हणजे जातीच्या, धर्माच्या चौकटीत राहाल तर राज्य विचारणार नाही. चौकट ओलांडाल तर महिनाभर तुमचे नाव, वय, पत्ता फळ्यावर टांगले जाईल. वकिली करताना आम्ही पाहिले आहे की, हा फळा नातेवाइकांच्या आधी गावगुंड आणि धर्माचे ठेकेदार वाचतात. मुलीला उचलून नेण्यासाठी तीस दिवस पुष्कळ होतात. सोनईत २०१३ साली आणि खर्ड्यात २०१४ साली काय झाले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. प्रेमाच्या नुसत्या संशयावरून जिथे आपल्या पोरांचे मुडदे पडतात, तिथे सरकारने प्रेमिकांचा पत्ता जाहीर करावा?

अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही जाहीर नोटीस ऐच्छिक मानावी असा निर्णय दिला. पण देशभर लागू होईल अशी दुरुस्ती संसदेने केलेली नाही, आणि २०२३ च्या घटनापीठानेही ही कलमे रद्द केली नाहीत. उलट राज्याराज्यांत पहारा वाढतोच आहे. आपल्या राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय विवाह केलेल्यांची माहिती गोळा करणारी समन्वय समिती शासन निर्णयाने नेमली गेली. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत आंतरजातीय हा शब्द वगळला, आंतरधर्मीय तेवढा ठेवला. उत्तराखंडमध्ये जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाला आणि लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांनाही नोंदणी सक्तीची झाली. एका हाताने आंतरजातीय विवाहाला पन्नास हजारांचे अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यामागे चौकशी लावायची, हा कोणता न्याय?

मग लग्नावर कोणताच निर्बंध नको काय? असे आम्ही म्हणत नाही. बालविवाहाला बंदी हवी. जबरदस्तीच्या लग्नाला बंदी हवी. एक पत्नी असताना दुसरी करण्याला बंदी हवी. हिंदू कोड बिलात बाबासाहेबांनी एकपत्नीत्वाचा आग्रह धरला होता. निर्बंध तपासण्याची आमची कसोटी सोपी आहे. हा निर्बंध कोणाचे रक्षण करतो? एखाद्या हाडामांसाच्या माणसाला इजेपासून वाचवत असेल तर तो राहू द्या. एखाद्या समूहाची प्रतिष्ठा, रक्ताची शुद्धता, वरचढपणा वाचवत असेल तर तो गेला पाहिजे. बालविवाहबंदी मुलीला वाचवते. प्रतिलोम विवाहबंदी वर्णाला वाचवत होती. जाहीर नोटीस भावकीला वाचवते. दोन सज्ञान स्त्रियांनी किंवा दोन सज्ञान पुरुषांनी परस्परांच्या संमतीने संसार मांडला तर कोणाला इजा होते, याचे उत्तर आम्हाला आजवर कोणी दिलेले नाही.

काही बौद्ध बांधव धम्माचा आक्षेप घेतात. तिसरे शील कामवासनेतील मिथ्याचार वर्ज्य करते, असे ते म्हणतात. आमच्या समजुतीप्रमाणे मिथ्याचार म्हणजे फसवणूक, जबरदस्ती, विश्वासघात. दोन माणसांची निष्ठा त्यात बसत नाही. विनयात काही व्यक्तींना संघप्रवेश नाकारणारे नियम आहेत हे खरे. पण ते भिक्खुसंघाच्या शिस्तीचे नियम आहेत, उपासकाच्या नागरी हक्कांचे नव्हेत. शिवाय बौद्ध विवाह हा जन्मोजन्मीचा संस्कार नाही. तो दोन माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द आहे. थायलंडसारख्या बौद्धबहुल देशात जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाले आहेत आणि त्याने तिथला धम्म बुडालेला नाही. शेजारच्या नेपाळमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये अशा विवाहांच्या तात्पुरत्या नोंदणीचा आदेश दिला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिली नोंद झाली.

आणि बाबासाहेबांचे काय? १९३४ साली र. धों. कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातल्या मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला भरला गेला. वाचकांनी लैंगिक जीवनाविषयी विचारलेले प्रश्न आणि कर्व्यांनी दिलेली उत्तरे, हा तो गुन्हा. मुंबईत नामवंत वकिलांची वाण नव्हती. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. आंबेडकर. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच झाले होते, समाजाच्या कामाचा डोंगर समोर होता. हा प्रश्न आपला नाही, असे ते सहज म्हणू शकले असते. लैंगिक विषयावर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, अशी बाजू त्यांनी मांडली. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण ज्याला समाज तोंड दाखवू देत नाही त्याची बाजू न्यायालयात घ्यायची असते, हा धडा मागे राहिला.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. समलिंगी आणि तृतीयपंथी समूहांतलेच अनेक कार्यकर्ते म्हणतात की, विवाह ही त्यांची पहिली मागणी नाही. आधी नोकरी, घर, शिक्षण आणि पोलिसांच्या मारापासून सुटका हवी. त्यांचे म्हणणे रास्त आहे. विवाहसंस्थेतच स्त्रीची गुलामी दडलेली आहे हे जोतीराव फुल्यांनी आणि पेरियारांनी सांगितले, तेही खरे. पण त्यांनी लग्न मोडीत काढले नाही. भटजी काढला, विषमता काढली आणि लग्न नव्याने मांडले. सत्यशोधक विवाह झाले. तामिळनाडूत स्वाभिमान विवाह झाले. त्या स्वाभिमान विवाहांना न्यायालयाने अवैध ठरवले, लोक तरीही तशीच लग्ने लावत राहिले, आणि शेवटी १९६७ साली अण्णादुराई सरकारने हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून मागच्या सगळ्या लग्नांनाही वैधता दिली. आधी माणसे जगतात, मग कायदा त्यांच्यामागून येतो. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटलेच आहे की, कुटुंब निर्माण करण्याचा विवाह हा एकमेव मार्ग नाही.

तेव्हा चळवळीने काय करावे? आमच्या सूचना चार आहेत. विशेष विवाह कायद्यातील जाहीर नोटीस आणि आक्षेपाची कलमे रद्द करा, ही मागणी आपल्या मोर्चांच्या निवेदनात आली पाहिजे. ती आंतरजातीय, आंतरधर्मीय आणि समलिंगी, तिघांच्याही हिताची आहे. दुसरे, त्या कायद्यात दोन सज्ञान व्यक्तींचा विवाह अशी तरतूद संसदेने करावी, आणि तोवर निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि रुग्णालयाची संमती यांसाठी स्वतः निवडलेला जोडीदार कायद्याने मान्य व्हावा. तिसरे, बौद्ध विवाहाचा स्वतंत्र कायदा हवा ही आपली जुनी मागणी आहे. त्याचा मसुदा जेव्हा केव्हा होईल तेव्हा हिंदू विवाह कायद्याची नक्कल करू नका. दोन बौद्ध व्यक्ती एवढेच लिहा. बाकीचे समतेवर सोडा.

चौथी सूचना सर्वांत अवघड आहे, कारण ती सरकारला उद्देशून नाही. आपले वधू-वर परिचय मेळावे बघा. बुद्धवंदनेने सुरुवात होते आणि अर्जावर पोटजातीचा रकाना असतो. सोमवंशी, लाडवन, बावणे, कोसरे ही नावे १९५६ नंतरही आपण जपून ठेवली आहेत. बौद्ध मुलाने मातंग किंवा चर्मकार मुलगी आणली तर किती घरांत आनंदाने खीर वाटली जाते? ज्याने बेटीबंदी पाळली त्याला समलिंगी विवाहाची भीती वाटणारच, कारण दोन्हीकडे भीती एकच आहे: पोरे आपल्या हाताबाहेर जातील. तो रकाना आधी आपल्या हाताने खोडू या. मग विवाह नोंदणी कार्यालयाच्या फळ्यावरची नोटीस फाडा, असे सरकारला ठणकावून सांगण्याचे बळ आपल्या आवाजात येईल.

जय भीम!